फाईल डिलीट झाली? आधी हात बाजूला घ्या

सुगी आटोपली की बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठी साहित्य संमेलनांचे दिवस सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा ही नावं या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. गावकरी वर्गणी काढतात, मांडव घालतात, ग्रंथदिंडी निघते. बहुतेक ठिकाणी एक स्मरणिकाही निघते. त्या दिवसांत शहापुरातलं माझं डीटीपीचं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं.

अशाच एका रात्री एका संमेलन समितीतला तरुण सीपीयू बगलेत मारून दुकानात शिरला. "अक्का, स्मरणिका गेली की ओ." छपाईला चार दिवस उरले होते. अडतीस लेख आणि कविता त्यांच्याच गावातल्या एका गुरुजींनी महिनाभर बसून टाइप केल्या होत्या. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कुणीतरी डेस्कटॉप साफ करायला घेतला. मागच्या वर्षीची स्मरणिका समजून त्याने यंदाचंच फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं, म्हणजे कायमचंच उडवलं. मी विचारलं, "त्यानंतर काय काय केलंत?" तो म्हणाला, "काय काय नाही केलं ते विचारा. दोन-तीन सॉफ्टवेअर डाउनलोड करून टाकली, दोनदा रिस्टार्ट केला. मग अपडेट सुरू झाला, तो तासभर चालला."

फोल्डर उडवल्याने जेवढं नुकसान झालं होतं, त्याहून जास्त नुकसान त्यानंतर दुकानात येईपर्यंतच्या तीन तासांत झालं होतं. हा लेख मी त्या तीन तासांसाठीच लिहिते आहे. डिलीट म्हणजे नेमकं काय होतं हे एकदा लक्षात आलं की त्या घबराटीच्या वेळी काय करू नये हे कुणी सांगावं लागत नाही.

खानापूरकडचं भाताचं शेत डोळ्यांसमोर आणा. शेतात पीक उभं आहे आणि तलाठ्याकडच्या उताऱ्यावर मालकाचं नाव आहे. उद्या उताऱ्यावरून ते नाव कमी झालं, तर शेतातलं भात त्याच क्षणी नाहीसं होतं का? होत नाही. कागदावर जमीन मोकळी झाली, एवढंच. पीक जागेवर डुलत राहतं. दुसरा कोणी येऊन नांगर घालतो तेव्हा ते खरोखर जातं.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अशीच चालते. विंडोजमध्ये साधारणपणे एनटीएफएस नावाची मांडणी वापरतात. तिच्यात 'मास्टर फाईल टेबल' नावाचं एक दप्तर असतं. प्रत्येक फाईलचा त्यात एक उतारा असतो, बहुधा १,०२४ बाइटचा. फाईलचं नाव, तारखा, आकार आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे पडलेत हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. डिस्कची जमीन ४ केबीच्या छोट्या वाफ्यांत विभागलेली असते. ६ एमबीची फाईल म्हणजे असे १,५३६ वाफे. ते सलग एका जागी असतील असंही नाही. काही इथे, काही तिथे, जिथे जागा सापडली तिथे.

तुम्ही फाईल कायमची डिलीट करता तेव्हा दोन गोष्टी होतात. त्या उताऱ्यावर 'हा उतारा आता वापरात नाही' अशी खूण होते. आणि वाफ्यांच्या नकाशात ते १,५३६ वाफे 'मोकळे' म्हणून दाखवले जातात. वाफ्यांतल्या मजकुराला कुणी हातही लावत नाही. ४ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ कॉपी करायला कितीतरी मिनिटं लागतात, पण डिलीट मात्र डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात होतो, तो यामुळेच. पुसायचं म्हटलं असतं तर पुसायलाही तेवढाच वेळ लागला असता.

ही युक्ती जुनी आहे. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातल्या फॅट मांडणीत फाईल डिलीट झाली की तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक विशिष्ट खूण लिहिली जायची. पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली काढलेल्या नॉर्टन युटिलिटीजमधला अनइरेज प्रोग्रॅम हीच खूण शोधायचा आणि तुम्हाला विचारायचा, पहिलं अक्षर काय होतं? पुढे १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉस ५ मध्येच अनडिलीटची सोय दिली. रिसायकल बिन आला विंडोज ९५ बरोबर.

रिसायकल बिन मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे गेलेली फाईल डिलीट झालेलीच नसते. तिचं नाव बदलून त्याच ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. सोबत एक छोटी चिठ्ठी असते: मूळ नाव काय, कुठून आली, कधी टाकली. 'रिस्टोअर' म्हटलं की विंडोज ती चिठ्ठी वाचून फाईल घरी पोचवतं. अडचण इतकीच की सगळं काही बिनमध्ये जात नाही. शिफ्ट-डिलीट केलेलं जात नाही. पेन ड्राइव्हवरून उडवलेलं बहुधा जात नाही. ऑफिसच्या नेटवर्कवरून दुसऱ्याच्या शेअर फोल्डरमधून उडवलेलंही जात नाही. आणि बिनच्या मर्यादेपेक्षा मोठी फाईल असली तर विंडोज विचारतं, कायमची काढू का? आपण न वाचताच 'येस' दाबतो.

आता ते तीन तास. फाईल गेल्याचं कळल्यावर पहिल्या मिनिटात दोन-तीन सोप्या गोष्टी बघून घ्या, त्यांनी काही बिघडत नाही. नुकतंच डिलीट केलं असेल तर त्याच विंडोत कंट्रोल-झेड दाबा, पुष्कळदा तेवढ्यावरच फाईल परत येते. मग रिसायकल बिन बघा. आणि नवीन लॅपटॉप असेल तर हे नक्की बघा: विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं मालकाच्या ध्यानीमनी नसताना वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीला, जोडलेली असतात. वनड्राइव्हला स्वतःचा रिसायकल बिन आहे. वैयक्तिक खात्यात तिथे फाईल ३० दिवस राहते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून लॉगिन करून बघा. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही ३० दिवस असतात. या एका तपासणीने माझ्या दुकानात आलेल्या कितीतरी लोकांचे चेहरे पाच मिनिटांत उजळले आहेत.

तिथे नसेल तर थांबा. ज्या ड्राइव्हवरून फाईल गेली त्या ड्राइव्हवर एक अक्षरही नवीन लिहिलं जाता कामा नये. आणि इथेच लोक फसतात, कारण आपण काही 'सेव्ह' केलं नाही म्हणजे काही लिहिलं गेलं नाही असं त्यांना वाटतं. ब्राउझर उघडून 'डिलीट झालेली फाईल परत कशी आणावी' असं शोधलं की त्या शोधाची पानं आणि चित्रं सी ड्राइव्हवरच, म्हणजे विंडोज आणि डेस्कटॉप असतो त्याच भागावर, साठवली जातात. रिकव्हरीचा प्रोग्रॅम डाउनलोड केला की तो तिथेच उतरतो. इन्स्टॉल केला की आणखी शेकडो वाफे नांगरले जातात. काहीही न करता कॉम्प्युटर नुसता चालू ठेवला तरी विंडोज आपल्या नोंदी लिहीतच असतं. अपडेट सुरू झाला तर विचारूच नका. स्मरणिकेच्या शेतात त्या रात्री नांगर घालणारे कोण होते, ते मी त्या मुलाला असं समजावून सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसूनच राहिला.

म्हणून सी ड्राइव्हवरून फाईल गेली असेल तर कॉम्प्युटर बंद करा. नेहमीसारखा शट डाउन चालेल, पण 'अपडेट अँड शट डाउन' नको. पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर काढून ठेवा. मोठ्या एसडी कार्डाच्या बाजूला एक बारीकशी पट्टी असते, ती 'लॉक'कडे सरकवा, म्हणजे कॅमेरा किंवा कॉम्प्युटर त्यावर काही लिहिणार नाही. लग्नाच्या मांडवात उभ्या असलेल्या फोटोग्राफरांना माझं हेच सांगणं असतं: कार्ड चुकून फॉरमॅट झालं तर त्याच कार्डावर पुढचे फोटो काढू नका, दुसरं कार्ड घाला. अक्षता पडल्या की पुन्हा पडत नाहीत, हे खरंच. पण हळदीचे फोटो त्या पहिल्या कार्डावर अजून बसलेले असतात.

परत आणायचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर करायचं. आम्ही डिस्क काढतो आणि यूएसबीच्या जोडणीने दुकानातल्या मशीनला लावतो. आधी त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घेतो, मोकळ्या वाफ्यांसकट. मग सगळे प्रयोग त्या प्रतीवर. सापडलेल्या फाईलसुद्धा तिसऱ्या ठिकाणी ठेवायच्या, चुकूनही मूळ डिस्कवर नाही. घरी करणार असाल तर रिक्युवा हा प्रोग्रॅम नवख्याला सोपा जातो. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये विंडोज फाईल रिकव्हरी नावाचा फुकट प्रोग्रॅम काढला, पण त्यात बटणं नाहीत, कमांड टाइप कराव्या लागतात. मी स्वतः टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडी वापरते. दोन्ही फुकट आणि मुक्त स्रोत आहेत. दिसायला अगदी साधे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण कामाला पक्के. गंमत म्हणजे त्या काळ्या पडद्यावर मराठी नावांच्या जागी कधीकधी नुसते चौकोन दिसतात. घाबरू नका, नाव आत शाबूत असतं, दाखवायला तिथे अक्षरं नसतात इतकंच.

हे प्रोग्रॅम दोन रीतींनी काम करतात. पहिली रीत म्हणजे उतारे वाचणं. दप्तरात 'वापरात नाही' अशी खूण असलेले उतारे अजून असतील, तर त्यावरून नाव, तारीख आणि वाफ्यांचे पत्ते मिळतात. फाईल नावागावासकट परत येते. हे झालं तर उत्तमच.

दुसरी रीत उतारा हरवल्यावरची. तेव्हा माणसाने शेतातून चालत जाऊन बघावं, हे भात, हा ऊस, ही तंबाखू, तसं प्रोग्रॅम एकेक वाफा वाचत जातो आणि फाईलची सुरुवात ओळखतो. प्रत्येक प्रकारच्या फाईलच्या तोंडाशी ठरलेली खूण असते. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या तीन अक्षरांनी सुरू होते. नवीन वर्डची फाईल 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होते, कारण ती आतून झिप असते आणि झिप काढणाऱ्या फिल काट्झ यांची ती आद्याक्षरं. जेपीजी फोटोचीही अशीच खूण आहे. या रीतीत फाईल मिळते, पण तिचं नाव मिळत नाही, फोल्डर मिळत नाही. हजारो फाईली नुसत्या आकड्यांच्या नावाने समोर येतात आणि त्यांतून आपलं माणूस शोधावं लागतं. शिवाय फाईलचे तुकडे डिस्कवर विखुरलेले असतील तर जोडणी चुकते. एका घरातल्या जुन्या पेन ड्राइव्हमधून मी आजोबांच्या एकसष्टीचा फोटो काढला होता. वरच्या अर्ध्या भागात आजोबा हार घालून बसलेले, आणि खालचा अर्धा भाग गणपतीच्या आरतीचा. पेन ड्राइव्हवर पुष्कळदा फॅट ३२ मांडणी असते आणि तिथे डिलीट करताना तुकड्यांची साखळीच पुसली जाते, म्हणून असं होतं. त्या घरातल्या सुनेने तो अर्धा फोटो तसाच कापून फ्रेम करून घेतला.

स्मरणिकेचं काय झालं ते सांगते. सी ड्राइव्हची प्रत घ्यायला दोन तास गेले. पहाटेपर्यंत बसलो. अडतीसपैकी सत्तावीस लेख पूर्ण मिळाले, पाच अर्धवट आणि सहा नाहीतच. पण ते सत्तावीस मिळाल्याचं त्या मुलाला पटेना. मी फाईल उघडून दाखवली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं यांची खिचडी. तो म्हणाला, "अक्का, हे सडलंय की ओ."

सडलेलं काही नव्हतं. मजकूर श्री-लिपीत टाइप केलेला होता. आपल्याकडच्या छपाईतले जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. त्यांत कॉम्प्युटर साठवतो इंग्रजी अक्षरांचेच आकडे, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाईल उघडली की अंगरखा उतरवल्यासारखी दिसते. मी फॉन्ट लावला आणि पानभर मराठी उमटलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण रिकव्हरीतून परत आलेल्या किती चांगल्या मराठी फाईली लोकांनी 'करप्ट आहे' म्हणून स्वतःच्या हाताने पुन्हा उडवल्या असतील, या विचाराने मला वाईट वाटतं. जुनी मराठी फाईल विचित्र दिसली तर आधी फॉन्ट बदलून बघा. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, जो त्या काळी वापरला असेल तो.

उरलेल्या सहांपैकी पाचांचे हस्तलिखित कागद गुरुजींच्या पिशवीत होते, ते आम्ही पुन्हा टाइप केले. सहावी कविता एका वयोवृद्ध शेतकऱ्याची. त्यांच्याकडे कागद नव्हता. त्यांनी सकाळी सात वाजता फोनवरून ती पाठ म्हणून दाखवली आणि मी ऐकत टाइप करत गेले.

हे सगळं फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कबद्दल झालं. एसएसडीचं गणित वेगळं आहे, आणि आज नवीन लॅपटॉप घेतला की त्यात एसएसडीच असते, म्हणून इकडे नीट लक्ष द्या.

एसएसडीत तबकडी नाही, चिप आहे. आणि चिपचा स्वभाव असा की भरलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी एक अख्खी मोठी पट्टी एकदम साफ करावी लागते, मगच त्यात नवीन पेरता येतं. रान भाजल्याशिवाय पेरा नाही, तसं. ऐन लिहायच्या वेळी साफ करत बसलं तर वेग पडतो. म्हणून फाईल डिलीट झाली की विंडोज लगेच एसएसडीला कळवतं, अमुक वाफे आता मोकळे झाले. या निरोपाला 'ट्रिम' म्हणतात, आणि २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून तो आपोआप जातो. निरोप मिळाला की एसएसडी आपल्या सवडीने त्या पट्ट्या भाजून ठेवते. तुम्ही काही लिहा किंवा लिहू नका. दुसऱ्या मशीनला जोडलीत तरी वीज मिळाली की तिचं आतलं काम चालूच.

एम.ए.ची एक विद्यार्थिनी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली होती. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून तिने जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. फोन भरला म्हणून रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतली आणि फोनमधून काढली. मग लॅपटॉपवर फोल्डर हलवताना ते उडालं. तिने शहाणपणाने लॅपटॉप लगेच बंद केला होता, अर्ध्या तासात माझ्यासमोर होती. प्रोग्रॅम चालवला. यादी आली आणि तिचा श्वास मोकळा झाला: प्रत्येक आजीच्या नावाची फाईल, गाव, तारीख, आकार, सगळं जिथल्या तिथे. मी एक फाईल आतून उघडून बघितली. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत शून्यं. दुसरी उघडली, शून्यं. उतारे होते, शेत भाजून गेलं होतं. त्यातल्या अकरा ओव्या तिने आपल्या मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या, तेवढ्याच वाचल्या. दोन आज्या तोवर वारल्या होत्या.

तिला मी खोटी आशा दाखवली नाही आणि तुम्हालाही दाखवत नाही. एसएसडीवरून कायमची डिलीट झालेली फाईल बहुतेक वेळा गेलेलीच असते. लगेच बंद केलं तर थोडी शक्यता राहते, म्हणून बंद करणं सोडू नका, पण तिच्यावर विसंबू नका. आजकालच्या फोनमध्येही चिपच असते, वर सगळा मजकूर कुलूपबंद साठवलेला, त्यामुळे तिथेही हीच गत. 'शंभर टक्के रिकव्हरी'ची जाहिरात बघून आधीच पैसे भरू नका. एक भेद मात्र सांगते. पेन ड्राइव्ह आणि कार्डातही चिप असते, पण त्यांना ट्रिमचा निरोप सहसा जात नाही, म्हणून तिथे जुन्या डिस्कसारखी आशा असते.

अशा वेळी खरा आधार आधीच काढून ठेवलेल्या प्रतींचा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, अशी जुनी शिस्त आहे. लॅपटॉपवर एक, कपाटातल्या साध्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक पुण्यातल्या भावाकडे किंवा क्लाउडवर. क्लाउडवर आपोआप जुळणारं फोल्डर म्हणजे प्रत असं मात्र समजू नका. इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं. आपल्या भागात घरोघरी १९५६ च्या आधीचे, मुंबई राज्याच्या काळातले मराठी कागद आहेत, खरेदीखतं, वाटणीपत्रं, काही मोडीतली. लोक आता ते स्कॅन करून घेतात, आणि कौतुकाने एकाच पेन ड्राइव्हमध्ये ठेवतात. कागदाला शंभर वर्षं काही झालं नाही. पेन ड्राइव्ह खिशातून पडायला एक एसटीचा प्रवास पुरतो.

कधीकधी फाईल गेलेलीच नसते. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणला आणि घरी उघडला, तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात किंवा ड्राइव्ह रिकामा दिसतो, पण प्रॉपर्टीजमध्ये जागा भरलेलीच असते. हा व्हायरसचा उपद्व्याप. त्याने फाईलींना 'लपलेली' आणि 'सिस्टीम' असे दोन शिक्के मारलेले असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, फॉरमॅट तर अजिबात नको. आधी अँटिव्हायरस चालवा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाईली दाखवा असं सांगा आणि 'संरक्षित सिस्टीम फाईली लपवा' या चौकटीतली खूण काढा. दोन्ही करावं लागतं, लोक पहिलंच करतात आणि दुसरं विसरतात. फाईली दिसल्या की दुसरीकडे कॉपी करून घ्या.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर वरचं काहीच करू नका. तो आवाज वाचणाऱ्या मुंडीचा असतो. ती तबकडीवरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून तरंगते. ती टेकू लागली की प्रत्येक मिनिटाला मजकूर खरवडला जातो. बंद करा आणि धूळमुक्त खोली असलेल्या ठिकाणी पाठवा. बेळगावात आम्ही कुणी ते काम करत नाही, आणि 'उघडून बघतो' म्हणणाऱ्याला डिस्क देऊ नका. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्लाही मानू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर वेदगंगा-दूधगंगेच्या काठावरून लोक चिखलातल्या डिस्क घेऊन आले होते, उन्हात वाळवून, काहींनी तर वीज लावून बघून. भिजलेली डिस्क वाळवायची नसते. आत चिखल सुकून चिकटतो. ओली तशीच पिशवीत बांधून पाठवायची, आणि वीज अजिबात लावायची नाही.

डिलीट केलेलं पुसलं जात नाही, याची दुसरी बाजू जुना कॉम्प्युटर विकताना दिसते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुनी मशीनं बाजारात फार येताहेत. दुकानासाठी मी एक जुना सीपीयू घेतला. विकणाऱ्याने फॉरमॅट केल्याचं सांगितलं, आणि त्याने ते केलंही होतं, पण क्विक फॉरमॅट. त्यात दप्तर नवीन होतं, शेत जुनंच राहतं. डिस्क ठीक आहे का बघायला फोटोरेक लावला तर दहा मिनिटांत कुणाच्या तरी आधार कार्डाचे स्कॅन, बँकेचे कागद आणि एका लहान मुलीच्या वाढदिवसाचे फोटो बाहेर यायला लागले. मी ते तिथेच थांबवलं आणि डिस्क पुसली.

जुनी हार्ड डिस्क देताना 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या वाफ्यांवर शून्य लिहितो. एक्सपीत तो नुसते खराब वाफे तपासायचा. पस्तीस वेळा पुसावं लागतं असं कुणी सांगेल. ते १९९६ साली पीटर गुटमन यांनी त्या काळच्या डिस्कसाठी लिहिलं होतं. आजच्या डिस्कला एकदा पूर्ण लिहिणं पुरतं. एसएसडी असेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये 'क्लीन डेटा' हा पर्याय निवडा, किंवा कंपनीच्या प्रोग्रॅममधलं सिक्युअर इरेज वापरा. आणि डिस्क बंदच पडली असेल, पुसता येत नसेल, तर ती फोडायची. पण लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते, हातोडा लागला की तिचा चुरा उडतो, म्हणून आधी जाड पोत्यात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.